मोरोबादादांच्या वाड्यातली शाळा

१८७९ च्या डिसेंबरात पुण्यात एक पत्रक निघाले. नव्या सालाच्या आरंभी शहरात एक खासगी इंग्रजी शाळा निघणार असल्याचे त्यात जाहीर केले होते आणि खाली पाच नावे होती: चिपळूणकर, टिळक, आगरकर, भागवत आणि करंदीकर. प्रत्यक्षात जानेवारी उजाडला तेव्हा पाचांतले दोघेच उभे राहिले. भागवत आणि करंदीकर मागे सरले ते कायमचेच. आगरकरांची एम.ए.ची परीक्षा व्हायची होती, म्हणून त्यांनी वर्षभराची सवड मागून घेतली. उरले विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक. शास्त्रीबुवा एकोणतीस वर्षांचे, टिळक तेवीस वर्षांचे. बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात या दोघांनी ‘न्यू इंग्लिश स्कूल’ सुरू केले. माधवराव नामजोशी लगोलग येऊन मिळाले आणि त्याच वर्षी वामन शिवराम आपटेही आले. मोरोबादादा फडणीस म्हणजे नाना फडणवीसांचे चुलतभाऊ, पेशवाईच्या उत्तरार्धातल्या कारस्थानांतले एक मोठे नाव. त्या वाड्यात आता पोरे इंग्रजी स्पेलिंगे घोकू लागली.

त्या वर्षीचे पुणे कसे होते हे ध्यानात घेतल्याशिवाय या उद्योगातले धाडस कळत नाही. दुष्काळाला दोनच वर्षे झाली होती. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले. जुन्या सरकारी पाठशाळेपासून इंग्रजी शिक्षण ज्या विश्रामबागवाड्यात नांदले, तोच वाडा जळालेला लोकांनी डोळ्यांनी पाहिला. जुलैत वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. खटला पुण्यातच चालला आणि जन्मठेप होऊन ते एडनला रवाना झाले, ते साधारण शाळा उघडली त्याच सुमारास. सरकारचा संशय कोणावरही जात होता, न्यायमूर्ती रानड्यांसारखा माणूससुद्धा त्यातून सुटला नाही. अशा दिवसांत सरकारी नोकरी सोडून चिपळूणकरांनी शाळा काढावी, ही गोष्ट शहाण्यासुरत्या पुणेकरांना वेडेपणाची वाटली असेल तर नवल नाही.

चिपळूणकरांची नोकरी काही वाईट नव्हती. वडील कृष्णशास्त्री शिक्षणखात्यातले बडे नाव. मुलगाही पुण्याच्या सरकारी हायस्कुलात मास्तर होता. पण १८७४ पासून ‘निबंधमाला’ चालू होती आणि तिच्यातली भाषा खात्याला सोसण्यासारखी नव्हती. बदली रत्नागिरीला झाली. तिथे त्यांनी दिवस काढले आणि १८७९ मध्ये राजीनामा देऊन पुण्याची वाट धरली. टिळकांची गोष्ट वेगळी. ते नुकतेच एलएल.बी. झाले होते आणि वकिलीत बरकत होती. डेक्कन कॉलेजात असताना आगरकर आणि ते रात्र रात्र बोलत बसत, त्यातून ठरले होते की सरकारी नोकरी करायची नाही, शिकवायचे. आगरकरांकडे त्या काळी एकच सदरा होता, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा. असे दोघे जण लोकशिक्षणाच्या योजना आखत बसलेले आहेत, हे चित्र आज गमतीचे वाटते, पण योजनेचा तपशील पाहिला तर ती कमालीची व्यवहारी होती.

या शाळेबद्दल एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. तिला ‘राष्ट्रीय शिक्षणाचा पहिला प्रयत्न’ म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. पण वर्गात शिकवले काय जात होते? सरकारी शाळेत शिकवत तेच. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक १८५९ पासून चालू होती आणि हायस्कूल म्हणजे त्या परीक्षेची तयारी, एवढाच अर्थ पालकांच्या मनात होता. वरच्या वर्गांत गणित, इतिहास, भूगोल सगळे इंग्रजीतून. दुसरी भाषा संस्कृत. मराठी विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून केव्हाच बाहेर पडली होती. स्वतःला मराठी भाषेचे शिवाजी म्हणवून घेणारा गृहस्थ रोज सकाळी उठून इंग्रजीच्या तासाला जात होता. ढोंग म्हणून हे उडवून लावता येईल, पण मला त्यात हिशेब दिसतो. अभ्यासक्रम बदलायचा तर परीक्षा सोडावी लागते, परीक्षा सोडली तर मुले येत नाहीत, आणि मुलेच आली नाहीत तर शाळा कोणासाठी? या मंडळींनी पुस्तके तशीच ठेवली आणि फळ्यापुढे उभा राहणारा माणूस बदलला. खात्याचा पगार न खाणारा, बदलीची भीती नसलेला, वरिष्ठाच्या शेऱ्याकडे डोळे न लावणारा मास्तर मुलांपुढे उभा करायचा, एवढीच त्यांची क्रांती. ती पुरली.

पहिले वर्ष चिपळूणकर आणि टिळकांनी पगार घेतला नाही. शाळेत थोडकी मुले आली. वर्ष सरता सरता पटावर तीनशेंच्या वर नावे लागली आणि पाचव्या वर्षी आकडा हजारावर गेला. पुण्यात खासगी शाळा ही काही नवलाई नव्हती. वामन प्रभाकर भाव्यांची पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन आधीपासून चालू होती, आणि फडके स्वतः त्या उद्योगाच्या आरंभीच्या मंडळींत होते. नव्या शाळेने बाजी मारली ती मॅट्रिकच्या निकालावर, आणि त्यातही संस्कृतावर. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती होती. त्या काळी हा मान म्हणजे घराण्याचे नाव निघण्यासारखी गोष्ट. सरकारी शाळांची ही मिरासदारी न्यू इंग्लिश स्कूलने हां हां म्हणता मोडली. महाडहून आलेला शिवराम महादेव परांजपे नावाचा मुलगा याच शाळेतून शंकरशेट शिष्यवृत्ती घेऊन मॅट्रिक झाला. पुढे त्याच्या ‘काळ’ पत्रातल्या वक्रोक्तीने सरकारची झोप उडवली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वक्रोक्तीला संस्कृताची धार याच वर्गांत लागली.

संस्कृताचे हे श्रेय आधी द्यायचे तर ते वामन शिवराम आपट्यांना. शाळेची रोजची सूत्रे त्यांच्या हाती होती. शाळा चालवणे म्हणजे काय, हे या घोळक्यात त्यांच्याइतके कोणाला कळत नव्हते. चिपळूणकरांचे मन लेखणीत, टिळकांचे चार ठिकाणी, नामजोशांचे छापखान्यापासून उद्योगधंद्यांपर्यंत सगळीकडे. आपट्यांनी मात्र वर्ग, वेळापत्रक, परीक्षा आणि शिस्त यांत जीव ओतला. संस्कृत वाक्यरचनेवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८१ मध्ये निघाले आणि संस्कृत-इंग्रजी कोश १८९० मध्ये. आज जगात कुठेही संस्कृत शिकणारा विद्यार्थी आपट्यांचा कोश उघडतो, तेव्हा तो एका हायस्कूलच्या मास्तराने शाळा सांभाळून केलेले काम उघडत असतो. विभक्तीत अडकणारी पोरे रोज समोर असल्याशिवाय असे पुस्तक लिहून होत नाही.

टिळकांचा तास वेगळ्या कारणासाठी गाजला. ते गणित शिकवत, संस्कृतही शिकवत. सदाशिव विनायक बापटांनी पुढे लोकमान्यांच्या आठवणींचे तीन खंड जमवले, त्यांतल्यासारख्या आठवणींतून टिळक मास्तरांचे जे रूप दिसते ते असे: पगडी, उपरणे, पायात पुणेरी जोडा, आणि उदाहरण फळ्यावर पायरी-पायरीने मांडण्याचा कंटाळा. हिशेब तोंडीच करायचा आणि उत्तर सांगून पुढे सरकायचे. हुशार मुलांना त्यात मौज वाटे. मागच्या रांगेतल्यांचे हाल होत. स्वतः विद्यार्थी असतानाही ते असेच होते, शिक्षकाने सांगितलेल्या रीतीने गणित सोडवायचे नाही, हा त्यांचा जुना हट्ट. असा माणूस हायस्कूलचा उत्तम मास्तर होता असे म्हणवत नाही. पण चांगल्या शाळेत असा एखादा असावा लागतो, ज्याच्यापुढे आपण कमी पडतो याची मुलांना जाणीव होते.

वर्गात बसणारी मुले बहुतेक ब्राह्मण घरांतली. काही शहरातली, काही कोकणातून आणि देशावरच्या गावांतून आलेली. बाहेरगावच्या गरीब मुलांचे जेवण म्हणजे माधुकरी नाहीतर वार. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पोटाला चिमटा. वार लावून शिकलेल्या मुलाला मॅट्रिक झाल्यावर नोकरी लागावी, एवढेच घरच्यांचे स्वप्न असे. मुली या शाळेत नव्हत्या. त्यांच्यासाठी १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली, ती रानडे-भांडारकर-मोडक मंडळींनी काढली आणि तिच्या अभ्यासक्रमावर पुढे टिळकांनीच झोड उठवली.

शाळेला एक वर्ष होताच तिच्या पोटातून दोन वर्तमानपत्रे निघाली. २ जानेवारी १८८१ ला ‘मराठा’, ४ जानेवारीला ‘केसरी’. एव्हाना आगरकर येऊन दाखल झाले होते आणि वासुदेवराव केळकरही. लिहिणारे तेच, शिकवणारे तेच. दुपारी वर्गात इंग्रजी व्याकरण आणि रात्री अग्रलेख असा प्रकार. पत्रे आणि शाळा एकमेकांवर जगत होती. पत्रांमुळे शाळेचे नाव गावोगाव गेले आणि शाळेमुळे पत्रांना घरोघर वाचक मिळाले. पण १८८२ साली पत्रांचे ओझे शाळेला भोवणार अशी वेळ आली.

कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याची आणि त्यात दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांचा हात असल्याची बातमी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी छापली. पुरावा म्हणून जी पत्रे हाती आली होती ती बनावट निघाली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ ला, विष्णुशास्त्री चिपळूणकर अचानक गेले. वय बत्तीसही पुरे नाही. १७ जुलैला टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघे मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात गेले.

शाळेच्या बाजूने हे वर्ष पाहा. संस्थापक वारला. दोन मुख्य शिक्षक कैदेत. ‘मास्तर तुरुंगात गेले’ ही बातमी मुलांनी घरी सांगितली तेव्हा किती बापांनी पोराचे नाव काढण्याचा विचार केला असेल! पण पट घसरला नाही, उलट वाढत राहिला. आपटे, नामजोशी आणि केळकर यांनी तास वाटून घेतले. कोल्हापूर-पुण्याच्या विद्यार्थ्यांनी खटल्याच्या खर्चासाठी नाटके केली. कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले नावाच्या पोरसवदा विद्यार्थ्याने अशाच एका नाटकात काम केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जामिनाची गोष्ट तर याहून विलक्षण. निबंधमालेत ज्या जोतीराव फुल्यांची चिपळूणकरांनी यथेच्छ टवाळी केली होती, त्याच फुल्यांच्या शब्दावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी टिळक-आगरकरांसाठी दहा हजारांचा जामीन दिला.

आणि याच १८८२ मध्ये सर विल्यम हंटरचे शिक्षण कमिशन मुंबई इलाख्यात आले. आपट्यांनी कमिशनपुढे साक्ष दिली. हंटरसाहेबांनी शाळा पाहिली आणि खुल्या मनाने तिची तारीफ केली. म्हणजे एका सरकारी कमिशनने ज्या शाळेची पाठ थोपटली, तिचे दोन शिक्षक त्याच सालात सरकारी तुरुंगाचे पाहुणे होते. त्याच कमिशनला फुल्यांनी १९ ऑक्टोबरला निवेदन दिले. रयतेच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो आणि शेतकऱ्यांच्या मुलांना प्राथमिक शाळाही मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा. न्यू इंग्लिश स्कूलचे यश आणि फुल्यांची तक्रार, दोन्ही एकाच वेळी खरी होती. एकाच कमिशनच्या दप्तरात ती शेजारी शेजारी पडली आणि दोन्ही बाजूंच्या मंडळींना त्याचे फारसे काही वाटले नाही.

२६ ऑक्टोबरला टिळक-आगरकर सुटले. चार महिन्यांतले १०१ दिवस भरले होते. सुटल्यावर सत्कार झाले आणि दोघे पुन्हा शिकवू लागले. आगरकरांनी त्या दिवसांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले, त्यात रडगाणे नाही. वर्गातल्या मुलांच्या दृष्टीने याचा परिणाम काय झाला असेल याची कल्पना करणे अवघड नाही. इतर शाळांतल्या मास्तरांना मुले भीत. या मास्तरांबद्दल आता दंतकथा तयार होत होत्या.

मुले आणि मास्तर यांच्यातले नाते समजायला एकाच विद्यार्थ्याकडे पाहिले तरी पुरते. हरि नारायण आपटे, जन्म १८६४. चिपळूणकर गेले तेव्हा वय अठरा. गुरूच्या मृत्यूवर त्याने ‘शिष्यजनविलाप’ नावाचे शोककाव्य लिहिले. एवढ्यावर थांबला असता तर तो गुणी शिष्य म्हणून विसरला गेला असता. १८८३ मध्ये आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध केले, आणि या शिष्याने गुरूच्या पुस्तकावर लांबलचक आणि सडेतोड टीका लिहिली. विशीतही न पोचलेला मुलगा तुरुंगातून सुटून आलेल्या, गावभर गाजलेल्या शिक्षकाच्या शेक्सपिअरमधल्या चुका काढतो. सरकारी हायस्कुलात हे कोणाला सुचले असते का? गुरूने वाईट वाटून घेतले असेल-नसेल, पण अशी खोड मुलांना लावणे हीच चिपळूणकरांची शिकवणूक होती. ज्या पिढीला त्यांनी इंग्रजी वाचायला लावले, तिने ते इंग्रजी पचवून मराठीत आणले. हरिभाऊंना पुढे कॉलेजात गणिताने छळले आणि पदवी काही हाती लागली नाही. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिणाऱ्याला तिची गरजही पडली नाही.

आता वेगाने पुढे जाऊ. २४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २ जानेवारी १८८५ ला शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले, गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव घेऊन. वामन शिवराम आपटे प्राचार्य झाले. त्याच महिन्यात नाटकात काम करणारा तो कोल्हापूरचा विद्यार्थी, गोपाळराव गोखले, पदवी घेऊन शाळेत मास्तर म्हणून लागला, महिना ३५ रुपयांवर. विषय इंग्रजी. वेळ पडली म्हणून गणितही शिकवू लागला आणि बापट नावाच्या सहकाऱ्याच्या बरोबरीने अंकगणिताचे एक पुस्तक तयार केले. ते देशभर इतके खपले की गोखल्यांचे नाव कौन्सिलात गाजण्याआधी शाळकरी पोरांच्या दप्तरात पोचले होते. चक्रवाढ व्याजाच्या उदाहरणांनी रडवणारे ‘गोखले’ म्हणून त्यांना ओळखणाऱ्या पिढ्या पुढे होत्या.

मोठे झाल्यावर घरात भांडणे सुरू होतात, तशी ती इथेही झाली. सोसायटीच्या आजीव सदस्यांना महिना ७५ रुपये आणि तीन हजारांचा विमा, त्यापलीकडे काही नाही, असा टिळकांचा आग्रह. जेजुइट मिशनऱ्यांसारखे सर्वस्व वाहून काम करायचे, बाहेरची कमाई करायची नाही, बाहेरची कामे अंगावर घ्यायची नाहीत. आगरकर बायकापोरांचे, आजारी माणूस, दम्याने बेजार. त्यांना आणि इतरांना एवढ्यात भागत नव्हते. होळकर महाराजांनी दिलेल्या सातशे रुपयांवरून तंटा झाला. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला तेव्हा सामाजिक सुधारणेचे वितुष्ट उघड्यावर आले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले आणि टिळकांची सहनशक्ती संपली. १८९० च्या अखेरीस त्यांनी भलामोठा राजीनामा लिहिला. वर्गातल्या मुलांना यातले किती कळत होते? ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ दोन्ही वाचणाऱ्या मुलांना बरेच कळत असणार. १८८९ मध्ये या शाळेतून मॅट्रिक झालेला एक विद्यार्थी तेवीस वर्षांचा होता, कृष्णाजी केशव दामले. त्याच्या कवितांवर आगरकरांच्या विचारांची छाया दिसते. केशवसुत या नावाने लोक त्याला ओळखू लागले त्याला मात्र अवकाश होता.

टिळकांनी शिकवणे सोडले नाही. वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी त्यांनी कायद्याचा वर्ग चालवला, आणि इथे मात्र फी घेतली. आपटे १८९२ मध्ये ऐन उमेदीत गेले. त्यांच्या जागी आगरकर प्राचार्य झाले आणि तीन वर्षांत, १७ जून १८९५ ला, तेही गेले. शाळा काढणाऱ्या पहिल्या फळीतला शिक्षक म्हणून वर्गावर कोणी उरले नाही. शाळा चालूच राहिली.

अभ्यासक्रमही स्वतःचा आणि मास्तरही स्वतःचे, असा प्रयोग महाराष्ट्रात पुढे झाला. प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकरांनी १९०६ मध्ये समर्थ विद्यालय काढले, ते तळेगावला नेले, आणि त्यासाठी पैसा उभा करण्यात टिळकांनी पुढाकार घेतला. तिथे मॅट्रिक नव्हती, सरकारी अनुदान नव्हते, शिक्षण मराठीतून होते आणि जोडीला हातकाम होते. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. न्यू इंग्लिश स्कूलची मुले त्या वर्षी नेहमीप्रमाणे मॅट्रिकला बसली.